टाच टेकवण्याची घाई

मूल भिंतीचा आधार घेऊन उभे राहू लागले की पूर्वी घरोघरी माळ्यावरचा पांगुळगाडा खाली उतरत असे. तीन लाकडी चाके आणि वर एक आडवी दांडी. त्या दांडीला धरून मूल गाडा पुढे ढकलते, गाडा पळतो, मूल मागे राहते, आपटते, रडावे की नाही याचा क्षणभर विचार करते आणि पुन्हा उठते. काही आठवड्यांनी एके दिवशी दांडी सुटते आणि मूल चार पावले मोकळीच टाकते. आजी म्हणते, "आता पायांत बळ आलं हो!"

आजीच्या कौतुकाला कोण आक्षेप घेणार? परंतु भिंतीला धरून जे मूल उभे राहते, त्याच्या पायांत आपले वजन पेलण्याइतके बळ त्याआधीच आलेले असते. नव्याने येतो तो हिशेब. कोणता स्नायू केव्हा आवळायचा, किती आवळायचा आणि मुख्य म्हणजे केव्हा सोडून द्यायचा, याचा हा हिशेब मेंदू, मेरुरज्जू आणि पाय मिळून हजारो वेळा पडून शिकतात. एकदा तो जमला की आयुष्यभर आपल्याला त्याची आठवणही राहत नाही. चालणे म्हणजे बळाचे काम, ही समजूत घरात निरुपद्रवी आहे. शस्त्रक्रियागृहात मात्र ती निरुपद्रवी राहत नाही, आणि आजचा विषय तोच आहे.

काही मुलांचा पांगुळगाडा कोपऱ्यात जातच नाही. अकाली जन्म, जन्माच्या वेळी प्राणवायूची कमतरता, नवजात अवस्थेतील तीव्र कावीळ किंवा मेंदूचा संसर्ग अशा कारणांनी विकसित होणाऱ्या मेंदूला इजा होते आणि स्नायूंवरील नियंत्रण बिघडते. यालाच सेरेब्रल पाल्सी म्हणतात. हजार जन्मांमागे साधारण दोन ते तीन बालकांत ती आढळते. ही मेंदूची इजा पुढे वाढत नाही; परंतु शरीर वाढत राहते, आणि खरी अडचण तेथून सुरू होते. हाडे वाढतात, ताठरलेले स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत. चार-पाच वर्षांचे मूल चवड्यांवर चालू लागते. टाच जमिनीला टेकत नाही. आईवडिलांना दिसते ती नेमकी एवढीच गोष्ट. "टाच टेकत नाही" ही तक्रार घेऊन ते दवाखान्यात येतात आणि तिचे उत्तरही तेवढेच सरळ मिळते : टाचेची शीर आखडली आहे, ती सैल करू, टाच टेकेल.

आणि टाच टेकते. प्लास्टर निघाल्यावर मूल पूर्ण तळपायावर उभे राहते, घरात आनंद होतो, शिबिराच्या वृत्तान्तात छायाचित्र छापले जाते. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, मूल झपाट्याने उंच होऊ लागते तेव्हा, त्याच्यापैकी काहींचे गुडघे वाकू लागतात. नडगी पुढे झुकते, गुडघा सरळ होत नाही, खुबाही वाकतो. खुर्चीत बसण्याच्या बेतात असलेला माणूस तसाच चालू लागावा, तशी ती चाल असते. अशा चालीत मांडीच्या पुढच्या स्नायूंना क्षणाचीही उसंत मिळत नाही. दहाव्या वर्षी शाळेपर्यंत चालत जाणारे मूल पंधराव्या वर्षी चाकांची खुर्ची मागते. त्या वेळी छायाचित्र काढायला कोणी नसते.

प्रत्येक मुलाचे असेच होते असे मुळीच नाही. योग्य मुलावर योग्य वेळी केलेली शस्त्रक्रिया वरदान ठरते, आणि आपल्याकडे ती करणारे कुशल व सेवाभावी शल्यचिकित्सक आहेत. प्रश्न कौशल्याचा नाही. टाच टेकत नाही याचे कारण टाचेतच असले पाहिजे, या गृहीताचा आहे. हे गृहीत किती कच्चे आहे हे गेल्या काही दशकांत अभियंत्यांनी दाखवून दिले. होय, अभियंत्यांनी, वैद्यांनी नव्हे, किंवा एकट्या वैद्यांनी तरी नव्हे.

चालण्याकडे यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहण्याचा इतिहास जुना आहे. इटलीतील बोरेली यांचा प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६८० मध्ये प्रसिद्ध होऊ लागला. स्नायू आणि हाडे यांचा तरफांच्या नियमांनी विचार त्यात आहे. १८३६ मध्ये जर्मनीतील वेबर बंधूंनी मांडले की पुढे जाणारा पाय हा लंबकासारखा आपोआप झोका घेतो. पुढे लाइपझिगमध्ये ब्राउने आणि फिशर यांनी १८९१ साली एका सैनिकाच्या अंगावर प्रकाशनलिका बांधून, अंधारात त्याला चालवून, अनेक बाजूंनी छायाचित्रे घेतली. त्या मोजक्या पावलांचे गणित हाताने सोडवून प्रसिद्ध करायला १९०४ साल उजाडले. ब्राउने तोवर हयातही नव्हते. आज एखादा विद्यार्थी संगणकावर दुपारच्या चहापूर्वी जे करतो, त्यासाठी फिशर यांनी आयुष्यातील उमेदीची वर्षे दिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाय गमावलेले हजारो सैनिक अमेरिकेत परतले. त्यांना दिले जाणारे कृत्रिम पाय निकृष्ट होते, कारण मुळात खरा पाय चालताना काय करतो हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते. बर्कलीच्या विद्यापीठात हॉवर्ड एबरहार्ट हे बांधकामाचे अभियंते होते. धावपट्टीवरील एका प्रयोगात अवजड वाहनाखाली सापडून त्यांना स्वतःचाच पाय गमवावा लागला होता. व्हर्न इन्मन या अस्थिशल्यचिकित्सकासमवेत त्यांनी चालण्याचा अभ्यास हाती घेतला. कातडी हाडांवरून सरकते, त्यामुळे वरून घेतलेले माप फसवे ठरते. म्हणून स्वयंसेवकांच्या हाडांत पोलादी खिळे बसवून, त्या स्थितीत त्यांना चालवून मापे घेण्यात आली. आज अशा प्रयोगाला कोणतीही नैतिक समिती सहजी परवानगी देणार नाही. तथापि आजच्या चाल-प्रयोगशाळांचा पाया त्या मापांत आहे.

या सर्व अभ्यासातून जे चित्र उभे राहिले ते सामान्य समजुतीच्या नेमके उलट आहे. चालताना स्नायू सर्वाधिक काम करतात ते ढकलण्याचे नव्हे, तर आवरण्याचे. टाच टेकल्यावर पाऊल फटकन आपटू नये म्हणून नडगीच्या पुढचा स्नायू ताणला जात-जात त्याला हळूहळू खाली उतरवतो. विहिरीत घागर सोडताना आपण दोर हातातून जपून सोडतो, तसा. वजन येताच गुडघा किंचित वाकतो तेव्हा मांडीचा स्नायू त्याला लगाम घालतो. पाय पुढे झोका घेतो त्या काळात मांडीचे मोठे स्नायू बरेचसे स्वस्थ असतात. वेबर बंधूंचे म्हणणे सर्वस्वी खरे नसले तरी निराधारही नव्हते. १९९० मध्ये कॅनडातील टॅड मॅकगीर यांनी तर मोटार नाही, संगणक नाही, केवळ दोन पाय आणि किंचित उतार अशा सामग्रीवर चालणारे यंत्र करून दाखवले. २०१५ मध्ये स्टीव्हन कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी घोट्याशी केवळ स्प्रिंग आणि खटका बसवलेले साधन तयार केले. त्याने निरोगी माणसाच्या चालण्याचा ऊर्जाखर्च सुमारे सात टक्क्यांनी घटला. त्यात बॅटरीही नव्हती. आपल्या वृत्तपत्रांना रोबोटच्या पायांचे फार अप्रूप असते. या स्प्रिंगची बातमी कितीजणांनी वाचली असेल, कोण जाणे.

आता मुख्य मुद्दा. पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. वरचा, गॅस्ट्रॉक्नेमियस, मांडीच्या हाडाच्या तळापासून निघतो, म्हणजे गुडघा आणि घोटा असे दोन सांधे ओलांडतो. त्याच्याखाली असलेला सोलियस गुडघ्याच्या खालून, नडगीच्या हाडांवरून निघतो. दोघे मिळून टाचेची कंडरा होते; लोक तिलाच शीर म्हणतात. सोलियसचा गुडघ्याशी काडीचाही संबंध नाही, असे शरीररचनेचे कोणतेही पुस्तक सांगेल. तो गुडघ्याला स्पर्शच करत नाही. मग तो गुडघा सरळ ठेवतो, असे कोणी म्हटले तर?

परंतु तसेच आहे. पाऊल जमिनीवर टेकलेले असताना सोलियस नडगीला मागे खेचून धरतो. नडगी मागे थोपवली गेली आणि धड पुढे जात राहिले की मधला गुडघा आपोआप सरळ होतो. स्नायू ज्या सांध्याला शिवतही नाही त्या सांध्याला तो हलवू शकतो, कारण हाडे एकमेकांना जोडलेली आहेत आणि एकाची गती दुसऱ्यापर्यंत पोहोचतेच. स्टॅनफर्ड विद्यापीठातील फेलिक्स झायाक आणि मायकेल गॉर्डन यांनी १९८९ मध्ये हे गणिताने स्पष्ट केले. एकत्र कुटुंबात थोरल्या जावेने माजघरात भांडे आपटले तर ओसरीवरच्या माणसाचा आवाज का खाली येतो, हे जसे दोघांकडे सुटे-सुटे पाहून कळत नाही, तसेच हे आहे.

एवढे ध्यानात घेतले की त्या मुलाचे काय झाले ते उघड होते. टाचेची कंडरा गरजेपेक्षा अधिक सैल केली की सोलियसचा नडगीवरचा लगाम सुटतो. नडगी पुढे कोसळते, तिच्यामागे गुडघा वाकतो, गुडघ्यामागे खुबा. टाच टेकली; गुडघा गेला. सोलियसचे तंतू आखूड असतात, त्यामुळे कंडरेची लांबी एखाद्या सेंटीमीटरने वाढली तरी त्याची ताकद लक्षणीय घटते, असे स्टॅनफर्डचेच स्कॉट डेल्प यांच्या संगणक प्रारूपांनी दाखवले. अतिरेकी सैल झालेली कंडरा पुन्हा मूळपदावर आणणे अतिशय कठीण असते.

गुडघा वाकला की पुढची ओढ असते ती मांडीच्या मागच्या स्नायूंकडे, ज्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. गुडघा वाकलेला आहे, म्हणजे मागचे स्नायू आखूड झाले असणार, तेही लांबवू. येथेही तेच गृहीत. १९९६ मध्ये डेल्प आणि सहकाऱ्यांनी अशी चाल असलेल्या मुलांच्या स्नायूंची लांबी चालत्या अवस्थेत संगणकाद्वारे काढली. बहुतेक मुलांत हॅमस्ट्रिंगची लांबी निरोगी माणसाइतकी किंवा तिच्याहून अधिकच भरली! कारण हा स्नायूही दोन सांधे ओलांडतो. गुडघा वाकल्याने तो सैल पडतो हे खरे, पण त्याच वेळी खुबा वाकलेला असल्याने वरून तो ताणलाही जातो. दोन कप्प्यांवरून गेलेल्या दोरीची लांबी एकाच कप्पीकडे बघून सांगता येत नाही. त्या मुलांत खरोखर आखूड भरला तो खुब्याच्या पुढून जाणारा सोआस हा स्नायू, ज्याच्याकडे कोणाचे लक्षच नव्हते. तपासणीच्या टेबलावर मूल उताणे झोपवून पाय उचलून पाहिला तर हे कळत नाही. मूल चालत असताना मोजावे लागते.

टोरांटोचे शल्यचिकित्सक मर्सर रँग यांनी या मुलांच्या नशिबी येणाऱ्या शस्त्रक्रियांच्या मालिकेला 'वाढदिवसांचा विकार' असे नाव दिले होते. एका वर्षी टाच, पुढच्या वर्षी गुडघा, त्याच्या पुढच्या वर्षी खुबा. मुलाचा प्रत्येक वाढदिवस रुग्णालयात. विकसित देशांत आता रीत बदलली आहे. प्रथम चाल-प्रयोगशाळेत सर्व सांधे एकत्र मोजायचे, मग आवश्यक तेवढ्या सर्व दुरुस्त्या एकाच भूल-सत्रात करायच्या.

आपल्याकडे काय स्थिती आहे? आधुनिक चाल-प्रयोगशाळा मोठ्या शहरांत आणि काही नामवंत संस्थांत आहेत, परंतु जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्यात त्या नाहीत. त्याहून खोलवरची अडचण मला वेगळी वाटते. आपली अस्थिशल्यचिकित्सा पोलिओशी लढता-लढता मोठी झाली. मुंबईत हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ ची. त्या काळापासून पुढील कित्येक पिढ्यांनी पोलिओग्रस्त मुलांच्या पायांवर अक्षरशः अगणित शस्त्रक्रिया केल्या, आणि उत्तम केल्या. पोलिओत काही स्नायू मेलेले असतात, काही जिवंत. जिवंत स्नायू मेंदूचे ऐकतो. जेथे आखडले तेथे सैल करा, जेथे दुबळे तेथे दुसरा स्नायू जोडा, कॅलिपर घाला. हा मार्ग तेथे योग्य होता. दिवसभरात डझनावारी मुलांना न्याय देणारे शिबिरही तेथे शोभत होते. भारतातील पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. या पिढीने पाहिलेल्या थोर यशांपैकी ते एक. पोलिओ गेला, पोलिओच्या काळात घडलेली नजर मात्र मागे राहिली. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचे स्नायू मेलेले नसतात. त्यांना मिळणारी आज्ञाच चुकीच्या वेळी येते. त्यांच्यापुढे पोलिओची कात्री घेऊन जाणे हे घड्याळ मागे पडते म्हणून काटा कापण्यासारखे आहे.

म्हणून एक अप्रिय गोष्ट स्पष्टपणे लिहितो. सेवाभावी संस्थांनी घेतलेल्या शस्त्रक्रिया-शिबिरांच्या वृत्तान्तात 'एकूण शस्त्रक्रिया' हा आकडा ठळक छापला जातो. शिबिर भरवणाऱ्या कार्यकर्त्यांच्या तळमळीबद्दल शंका नाही. त्यांच्यापैकी अनेकजण स्वतःच्या खिशातून मुलांच्या जेवणाचा खर्च करतात. परंतु पाच वर्षांपूर्वीच्या शिबिरातील किती मुले आज कशी चालतात, हा आकडा कोणत्या अहवालात असतो? सेरेब्रल पाल्सीच्या मुलासाठी शिबिर हे तपासणीचे असावे, पाठपुराव्याचे असावे. एका दिवसात निर्णय घेऊन दुसऱ्या दिवशी कात्री चालवण्याचे नसावे.

मोजमापाचा विषय निघाला की 'आपल्याला ते परवडणार कसे' हा प्रश्न येतो. तो प्रश्न आता बराच जुना झाला. २००७ मध्ये डेल्प यांच्या गटाने 'ओपनसिम' ही स्नायू आणि सांध्यांची संगणकप्रणाली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली. २०२३ मध्ये त्याच विद्यापीठातून 'ओपनकॅप' आली. दोन किंवा अधिक फोनच्या कॅमेऱ्यांनी चित्रण करायचे, आणि सांध्यांचे कोन, त्यांवरचा भार, स्नायूंचे बल यांचा अंदाज संगणकाने काढायचा. शंभर व्यक्तींच्या अभ्यासात प्रयोगशाळेच्या तुलनेत एक टक्क्याहूनही कमी खर्चात काम होते, असे त्या संशोधकांनी दाखवले. योगायोग असा की सरपटणाऱ्या चित्रांचा जन्म याच परिसरातला. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात काय, हे पाहण्यासाठी मायब्रिज यांनी १८७८ मध्ये लेलँड स्टॅनफर्ड यांच्या पालो आल्टो येथील घोड्यांच्या मळ्यावर कॅमेऱ्यांची रांग लावली होती. त्या मळ्याच्या जागी पुढे ते विद्यापीठ उभे राहिले.

तेव्हा साधन आले आहे. परंतु साधन आले म्हणजे काम झाले, असेही नाही, आणि येथे आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची गाठ पडते. या प्रारूपांतील स्नायूंची मापे कोठून आली? त्यांच्यामागील एक महत्त्वाचा आधार म्हणजे अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला २१ मृतदेहांच्या पायांचा अभ्यास, आणि त्या व्यक्तींचे सरासरी वय होते सुमारे ८३ वर्षे. जगभरातील संशोधक ती मापे उंची-वजनाच्या प्रमाणात लहान करून मुलांना लावतात. संशोधकांना हा दोष ठाऊक आहे आणि ते प्रामाणिकपणे लिहितातही. पण विदर्भातल्या किंवा कोकणातल्या आठ वर्षांच्या, कमी वजनाच्या मुलाच्या पोटरीबद्दल ते कोठून लिहिणार? ते आपणच मोजले पाहिजे.

आणि काय मोजायचे, हेही आपणच ठरवले पाहिजे. पाश्चात्त्य चाल-प्रयोगशाळेत रुग्ण गुळगुळीत, सपाट मार्गावर सरळ चालतो. त्याचा वेग आणि गुडघ्याचा कोन यांवर यशापयश ठरते. आपले मूल मांडी घालून जेवायला बसते, उकिडवे बसून शौचाला जाते, अनवाणी अंगणात उतरते, उंबरठा ओलांडते, बांधावरून शाळेला जाते. उकिडवे बसताना घोटा जितका वाकावा लागतो तितका तो चालताना कधीच वाकत नाही. चाल सुधारली, पण मुलाला शौचाला उचलून न्यावे लागते, तर त्या आईच्या दृष्टीने शस्त्रक्रिया यशस्वी झाली काय?

हा धडा आपल्याला नवा नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी यांनी नेमके हेच पाहिले. विदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटासाठी घडवलेला होता. घोटा ताठ, बसावे तर खुर्चीतच. शेतकरी तो घरी नेऊन कोपऱ्यात उभा करून ठेवीत आणि पुन्हा कुबडी घेत. मग रामचंद्र शर्मा या कारागिराने रबर, लाकूड आणि टायरच्या दुकानातले तंत्र वापरून असे पाऊल घडवले, की जे अनवाणी चालते, चिखलात उतरते आणि उकिडवे बसू देते. शर्मांचे औपचारिक शिक्षण जेमतेम होते. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कारागिराचे नाव बहुतेकांना आजही ठाऊक नसते, हे आपल्या स्वभावाला धरूनच झाले म्हणायचे. अलीकडे, २०२२ मध्ये, आयआयटी मद्रासने 'कदम' हा अनेक अक्षांवर वळणारा कृत्रिम गुडघा आणला. म्हणजे वस्तू घडवण्यात आपण मागे नाही. परंतु कृत्रिम अवयव घडवणे आणि जिवंत स्नायूची गणिते मांडणे यांत अंतर आहे. पहिल्यात हाती दाखवण्याजोगी वस्तू येते, उद्घाटन करता येते. दुसऱ्यात हाती येतो तो आकड्यांचा एक तक्ता, आणि पुष्कळदा 'या मुलावर आत्ता शस्त्रक्रिया करू नका' हे एक वाक्य. त्याला फीत कोण कापणार?

आक्षेप आहेत, आणि ते टाळून चालणार नाही. चाल-विश्लेषणाचा एकच अहवाल वाचून निरनिराळे शल्यचिकित्सक निरनिराळे निष्कर्ष काढतात, हे अमेरिकेतच आढळून आले आहे. फोनवरील प्रणाली प्रामुख्याने निरोगी प्रौढांवर पारखली गेली. वेडीवाकडी, कुबडीच्या आधाराची चाल तिला कितपत ओळखता येते हे तपासल्याविना तिच्यावर विसंबणे हा दुसरा अविचार होईल. अनुभवी भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हातांना जे कळते ते कॅमेऱ्याला कळत नाही. हे सारे मान्य. पण या आक्षेपांतून निष्पन्न एवढेच होते की मोजणारे लोक तयार करावे लागतील. न मोजण्याचे समर्थन त्यांतून होत नाही.

यासाठी नवी महायोजना मागण्याचीही गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे आणि बालकांच्या हालचालींतील दोष ओळखणे हा त्याचा भाग आहे. त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारण्याची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा स्पष्ट निर्देश आहे. यांपैकी प्रत्येक केंद्राशी जवळचे एक अभियांत्रिकी महाविद्यालय जोडून द्यावे. दरवर्षी अंतिम वर्षाचे विद्यार्थी शेकडो प्रकल्प करतात. त्यांतले किती कपाटात जातात हे प्राध्यापकांना विचारावे. त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी वर्षभर दर आठवड्याला एक दिवस केंद्रात बसून आलेल्या प्रत्येक मुलाचे चित्रण करावे, भौतिकोपचारतज्ज्ञाची हाताने घेतलेली मापे शेजारी नोंदवावीत, आणि तेच मूल सहा महिन्यांनी, वर्षाने, शस्त्रक्रिया झाली असल्यास पाच वर्षांनीही पुन्हा चित्रित व्हावे. मुलाची ओळख गुप्त राखून ही सामग्री देशातील सर्व संशोधकांना खुली असावी.

आणि आईवडिलांनी? शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला की तीन प्रश्न अवश्य विचारावेत, आणि ते विचारण्यात संकोच वाटू देऊ नये, कारण चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. मूल चालताना त्याचे गुडघे आणि खुबे पाहिले काय? ही शीर सैल केल्यावर गुडघा कोण सरळ धरील? आणि मुलाची उंची वाढू लागेल तेव्हा आम्ही कोणाकडे यायचे? उत्तर मिळेपर्यंत घरी एक काम करून ठेवता येते. घरातल्या ओसरीत किंवा इमारतीच्या मार्गिकेत, सात-आठ पावले सरळ टाकता येतील एवढी जागा पुरते. मुलाला अर्धी चड्डी घालून अनवाणी चालवावे, एकदा समोरून आणि एकदा बाजूने, फोन हातात न धरता स्टुलावर कमरेच्या उंचीला टेकवून चित्रण करावे, आणि तारीख नोंदवून ते जपून ठेवावे. दर सहा महिन्यांनी पुन्हा.